संदर्भसंग्रह आणि मराठी संशोधक : चिठ्ठीपासून संगणकापर्यंत

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, महाबलिपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत, सिरुसेरी हे गाव आहे. आज ते संगणकव्यवसायाची वसाहत म्हणून ओळखले जाते. टाटा कन्सल्टन्सीसारख्या मोठ्या संस्थेच्या इमारती तेथे आहेत आणि त्यांच्याच शेजारी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही गणिताची संस्था आहे. १९८९ साली स्पिक सायन्स फाउंडेशनच्या आश्रयाने एक गणितशाळा म्हणून तिचा आरंभ झाला आणि २००५ मध्ये ती सिरुसेरीस आली. गणितज्ञ आणि सॉफ्टवेअरचे व्यावसायिक यांचा हा शेजार योगायोगाचा असेल. पण संशोधकाच्या संदर्भांची निगा राखणारी जी साधने आज जगभर वापरात आहेत, त्यांची वंशावळ पाहू गेल्यास हीच दोन घराणी समोर येतात. एक साधन गणितज्ञांच्या गरजेतून निघाले, दुसरे बाजारातून. तिसरे एक आहे, ते इतिहासकारांनी घडविले. मराठीत लिहिणाऱ्या संशोधकाने यांपैकी कोणते पत्करावे, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. त्याच्या मुळाशी गेल्यास मात्र तो नावांचा, काळगणनेचा, लिपीचा आणि अखेरीस मालकीचा प्रश्न असल्याचे दिसून येते.

आरंभ नावापासून करणे योग्य. सिरुसेरीच्या संस्थेचे संस्थापक सी. एस. शेषाद्री हे १९५३ पासून जवळजवळ तीस वर्षे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. एम. एस. नरसिंहन् यांच्यासह १९६५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला सिद्धांत या दोघांच्या नावांनी ओळखला जातो. यातील ‘शेषाद्री’ हे आडनाव नव्हे, हे मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. कांजीवरम हे गाव, श्रीरंगाचारी हे वडील आणि शेषाद्री हे स्वतःचे नाव, असा तो क्रम आहे. पाश्चात्त्य सूचीपद्धती शेवटचा शब्द उचलून पुढे आणते व ‘शेषाद्री, सी. एस.’ अशी नोंद करते. नोंद योग्य ठिकाणी पडते खरी, पण ती चुकीच्या कारणाने. यंत्राने आडनाव म्हणून जे उचलले ते पाळण्यातले नाव होते, आणि ‘प्रथम नाव’ म्हणून जे मागे सारले त्यात गाव आणि बाप होते.

ही गफलत ज्याच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते, असा एक पुरुष याच शहराने भारतास दिला. शियाळी रामामृत रंगनाथन् हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री, १९३३ साली कोलन वर्गीकरण व १९३४ साली वर्गीकृत तालिकेची संहिता अशी त्यांची कामे क्रमाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या स्वतःच्या नावातही गाव, पिता आणि व्यक्ती असाच क्रम होता. ग्रंथकाराच्या नावातील कोणता घटक नोंदीच्या अग्रभागी यावा, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तपशिलाचा नव्हता. वाचक ज्या नावाने ग्रंथकाराला ओळखतो त्या नावाखाली ग्रंथ त्याला सापडला पाहिजे, आणि त्यासाठी त्या त्या समाजाची नामपद्धती तालिकाकाराला ठाऊक असली पाहिजे, ही ती दृष्टी होती. आजच्या बहुतेक संदर्भसाधनांनी ‘प्रथम नाव’ आणि ‘आडनाव’ अशी दोन खणांची चौकट गृहीत धरली, तेव्हा मद्रासमध्ये रुजलेला हा विवेक मागे पडला.

मराठी नावांची गोष्ट तमिळ नावांहून निराळी आहे, आणि काही बाबतींत अधिक बिकट. विष्णु सखाराम खांडेकर किंवा श्रीधर व्यंकटेश केतकर या नावांत आडनाव खरेच शेवटी असते, म्हणून यंत्राचे फावते. पण मराठी वाङ्मयाचा पाया ज्यांनी घातला त्यांना आडनावाने कोणी ओळखत नाही. ‘तुकाराम महाराज’ असे नाव नोंदविल्यास यंत्र ‘महाराज, तुकाराम’ अशी नोंद सिद्ध करते, आणि एकनाथ महाराज व ज्ञानेश्वर महाराज हेही त्यांच्याच मागे मकाराच्या रांगेत येऊन उभे राहतात. संतांची ही अभूतपूर्व पंगत विनोदी खरी. परंतु विद्यापीठीय प्रबंधाच्या संदर्भसूचीत ती मुद्रित झाली म्हणजे विनोद उरत नाही.

टोपणनावांचा प्रश्न याहून खोल आहे. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज होते आणि विनोदी लेखनात बाळकराम. ‘नटसम्राट’चे नाटककार वि. वा. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज होते. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने निघाला. लेखिका तेव्हा बाळूताई खरे होत्या आणि पुढे विवाहानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. एका लेखिकेची ही तीन नावे तिच्या आयुष्याचा आणि तिच्या काळाचाही इतिहास सांगतात. ग्रंथालयाच्या जुन्या तालिकेत अशा वेळी ‘शिरूरकर, विभावरी : पाहा बेडेकर, मालतीबाई’ असे एक लहानसे कार्ड घालण्याची रीत होती. संदर्भ व्यवस्थापनाच्या प्रचलित सॉफ्टवेअरांत या ‘पाहा’ला जागा नाही. दोन नावे म्हणजे दोन माणसे, एवढेच त्यांना कळते. शंभर वर्षांच्या ग्रंथालयविद्येने कमावलेली ही एक साधी गोष्ट यंत्राच्या झगमगाटात गमावली गेली, याची खंत फारशी कोणी व्यक्त केलेली नाही.

गणितज्ञांच्या घराण्यातील साधन म्हणजे बिबटेक. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ च्या सुमारास टेक ही अक्षरजुळणीची व्यवस्था निर्माण केली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लेटेक उभारले आणि १९८५ साली ओरेन पटाश्निक यांनी त्याला जोडून संदर्भांसाठी बिबटेक लिहिले. यात सर्व संदर्भ एका साध्या मजकुराच्या धारिकेत राहतात. ती धारिका कोणत्याही संगणकावर उघडते, डोळ्यांनी वाचता येते आणि कोणाच्या परवान्यावाचून दुसऱ्यास देता येते. जगभरच्या गणितज्ञांनी हे साधन आपले मानले ते यामुळेच. पण बिबटेकची नामविषयक कल्पना सर्वस्वी पाश्चात्त्य होती. नावात स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव, आणि मधला शब्द लहान लिपीतील अक्षराने सुरू होत असेल तर तो ‘फॉन’सारखा उपपदाचा अंश, असा त्याचा नियम. देवनागरीत लहान अक्षर व मोठे अक्षर हा भेदच नाही; तेथे हा नियम आंधळ्याच्या हाती दिलेल्या आरशासारखा ठरतो. आद्याक्षरांचेही तसेच. मराठीत ‘विष्णु’चे आद्याक्षर ‘वि.’, ‘पुरुषोत्तम’चे ‘पु.’ आणि ‘श्रीधर’चे ‘श्री.’ असे मात्रा व जोडाक्षरासह घेतले जाते. ज्या साधनाला अक्षर म्हणजे केवळ पहिले संकेतचिन्ह एवढेच कळते, ते ‘पु. ल.’चे ‘प. ल.’ करून मोकळे होते.

येथे एक गोष्ट स्मरणात ठेवणे अगत्याचे आहे. संदर्भांची काटेकोर निगा हे मराठी विद्वत्तेला नवे ऋण नव्हे. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे भाषाशास्त्राकडे वळले. १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक होते. हे कार्य १९१९ मध्ये आरंभिले गेले व १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. त्यांपैकी दक्षिणेकडील पोथ्यांच्या पाठमेळणीसाठी तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात एक केंद्र चालत असे. प्रत्येक हस्तलिखिताला लिपीनुसार एक संकेताक्षर : ग्रंथ लिपीस एक, तेलुगूस एक, मल्याळमला एक, देवनागरीस एक. पृष्ठाच्या तळाशी या संकेताक्षरांची जी दाट वीण दिसते, ती संदर्भव्यवस्थापनाचीच एक अतिशय प्रगल्भ पद्धती होती. गणिताची शिस्त आणि पोथीची ममता एकाच माणसात एकवटली होती, म्हणून ती शक्य झाली.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण वेगळ्या जातीचे. त्यांच्या हाताशी संस्था नव्हती. वकिली करीत करीत त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले; पहिला १९३० मध्ये आणि शेवटचा १९६२ मध्ये निघाला. सहा हजारांहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथात असंख्य ठिकाणी तळटीप मूळ मजकुराला गिळून टाकते. त्या टीपांत ग्रंथ, अध्याय, श्लोक, निबंधकार, टीकाकार यांची जी संगती लावलेली आहे, ती कोणत्याही यंत्राने लावलेली नाही. १९४८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृत कोशाचा जो प्रकल्प हाती घेतला, त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. लोखंडी कपाटांतून रचलेल्या त्या चिठ्ठ्या आजही जाणाऱ्या-येणाऱ्याला थक्क करतात. एकेका चिठ्ठीवर शब्द, त्याचे वाक्य, ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि नेमके स्थळ. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची, आणि तिच्या पुढे १९३८ ते १९५० या काळाची सूची सिद्ध केली, तीही याच परंपरेत मोडते. दात्यांच्या सूचीवाचून मराठी वाङ्मयाच्या इतिहासावर लिहिणे आजही दुष्कर आहे.

या परंपरेने काही संकेत घडविले, आणि नव्या साधनाची परीक्षा त्यांच्यावरच व्हावयास हवी. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांचा निर्देश इतिहासकार पृष्ठाने करीत नाही, तो लेखांकाने करतो. ज्ञानेश्वरीचा निर्देश अध्याय व ओवीने होतो, गाथेचा अभंगाच्या क्रमांकाने. पेशवे दप्तराचा निर्देश करताना रुमालाचा क्रमांक द्यावा लागतो, कारण ते कागद खरोखरच कापडाच्या रुमालांत बांधलेले असतात. पुनरुक्तीसाठी जुन्या कागदांत ‘कित्ता’ लिहीत. संस्कृतज्ञ ‘तत्रैव’ लिहितात. परदेशी साधन तेथे आपला लॅटिन शब्द घालते आणि मराठी पृष्ठावर तो परक्यासारखा उभा राहतो. मग शकाचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकातील व विसाव्याच्या आरंभीच्या कित्येक मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर केवळ शालिवाहन शक असतो. शके १८३२ म्हणजे इसवी सन १९१० की १९११? वर्ष चैत्रात पालटत असल्याने दोन्ही शक्य. प्रामाणिक नोंद मूळ शक राखून इसवी सन कंसात देईल. ज्या साधनाच्या वर्षाच्या खणात एकच इसवी सन मावते, ते संशोधकाला न ठरलेली गोष्ट ठरवून टाकण्यास भाग पाडते, आणि पुढचा संशोधक त्याच चुकीवर विसंबतो.

बाजाराच्या घराण्यातील साधन म्हणजे एंडनोट. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते आले, वैद्यक व विज्ञानाच्या विद्यापीठीय शाखांत स्थिरावले, आणि मालकांच्या हातून हातात जात आज क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. त्याचे गुण नाकारता येत नाहीत. परंतु त्याची किंमत भारतातील प्रबंधलेखकाला झेपणारी नसते, आणि संस्थेने परवाना घेतला असेल तर संस्था सोडताच तो सुटतो. अशीच दुसरी साधने बंदही पडली : रेफरन्स मॅनेजर या नावाचे एकेकाळी विख्यात असलेले साधन २०१५ अखेर विक्रीतून काढून घेण्यात आले. मेंडली हे २००८ मध्ये तीन जर्मन संशोधकांनी लंडनमध्ये सुरू केले. ते फुकट होते आणि तरुण संशोधकांत अल्पावधीत प्रिय झाले. २०१३ मध्ये एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. २०१८ मधील आवृत्तीपासून वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरील नोंदींचा साठा कूटबद्ध होऊ लागला. नोंदी निर्यात करण्याचा मार्ग उरला होता. पण साठा थेट वाचून दुसऱ्या साधनात नेण्याची वाट बंद झाली. सुरक्षेचे कारण त्यासाठी देण्यात आले. ज्याने दहा वर्षे टिपणे जमविली त्याला आपल्याच टिपणांच्या पेटीस दुसऱ्याचे कुलूप लागलेले दिसावे, ही घटना साधी नव्हे.

तिसरे घराणे इतिहासकारांचे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये झोटेरो प्रसिद्ध केले. नाव अल्बेनियन भाषेतील ‘आत्मसात करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून घेतलेले. ते विनामूल्य आहे आणि त्याची संहिताही खुली आहे. २००८ साली एंडनोटच्या तेव्हाच्या मालकांनी, थॉमसन रॉयटर्सने, या विद्यापीठाविरुद्ध दावा लावला : एंडनोटच्या संदर्भशैलींच्या धारिका झोटेरोमध्ये वापरता येतील अशी सोय करणे हा आपल्या परवान्याचा भंग होय, असे त्यांचे म्हणणे होते. २००९ मध्ये तो दावा फेटाळला गेला. स्वल्पविराम कोठे द्यावा आणि ग्रंथनाम तिरप्या अक्षरात घ्यावे की नाही, या संकेतांवर कोणाची मालकी असू शकते काय, असा प्रश्न न्यायालयाच्या दारापर्यंत जावा, यात या सर्व व्यवहाराचे खरे स्वरूप उघड होते. पुढे ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकाने आरंभिलेल्या खुल्या शैलीभाषेत दहा हजारांहून अधिक संदर्भशैली लिहिल्या गेल्या, आणि त्या झोटेरोप्रमाणे मेंडलीलाही वापराव्या लागल्या.

लिपीची बाब उरते. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरीची सोय केली. रोमन अक्षरांत टंकित केलेला मजकूर देवनागरीत उतरविणारी ती युक्ती होती. त्याच दशकात महाराष्ट्रात श्रीलिपीसारख्या टंकांवर मराठी लिहिले जाऊ लागले. त्या काळात संगणकावर जमविलेली टिपणे आज नव्या यंत्रावर उघडली की रोमन चिन्हांचा अर्थहीन कचरा दिसतो, कारण तेव्हाचे संकेत युनिकोडहून वेगळे होते. कागदाची चिठ्ठी वाळवीने खाल्ली तरी निदान अर्धी वाचता येते. युनिकोडने ही अडचण दूर केली, पण वर्णक्रमाची नाही. युनिकोडच्या अनुक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे येतो; मराठी मूल वर्णमाला म्हणताना तो ‘ह’ नंतर म्हणते. ‘ज्ञानेश्वर’ जकारात शोधावा की वर्णमालेच्या शेवटी, हा सूचीकाराचा जुना प्रश्न; जुने बिबटेक तो विचारीतच नाही, कारण त्याचा क्रम संकेतांकांचा. बायबर या नव्या साधनाला भाषेनुसार वर्णक्रम लावता येतो, आणि म्हणून लेटेक वापरणाऱ्या मराठी संशोधकाने बिबटेकऐवजी त्याचा स्वीकार करणे श्रेयस्कर.

या साऱ्याचा विचार करता मराठी संशोधकाने, विशेषतः साहित्याच्या व इतिहासाच्या अभ्यासकाने, झोटेरो घ्यावे आणि त्यातील साठा दर काही महिन्यांनी साध्या मजकुराच्या धारिकेत उतरवून ठेवावा, हे मत युक्त वाटते. कारण झोटेरो निर्दोष आहे असे नाही. शकासाठी त्यातही वेगळा खण नाही. मूळ शक ‘अतिरिक्त’ या खणात लिहून ठेवावा लागतो. लेखांकासाठी दुसऱ्याच एखाद्या निर्देशाची जागा उसनी घ्यावी लागते. ‘पाहा’चे कार्ड तर कोठेच नाही. पण नोंदींवर कुलूप नाही, आणि शैली स्वतः लिहिता येते : ‘तत्रैव’ हवे असल्यास ‘तत्रैव’ घालता येते, ‘कित्ता’ हवे असल्यास ‘कित्ता’. मराठीतील एखाद्या विद्यापीठाने किंवा साहित्यसंस्थेने अशी एक मराठी संदर्भशैली सिद्ध करून सर्वांस खुली करावी, तर प्रत्येक प्रबंधलेखकाचा तोच खटाटोप वाचेल. हे काम फार खर्चाचे नाही. त्यासाठी संगणकतज्ज्ञ सिरुसेरीसारख्या वसाहतींत विपुल आहेत, आणि त्यांत मराठी बोलणारेही कमी नसावेत.

सोयीचा एक धोका मात्र जुन्या पिढीला ठाऊक नव्हता. चिठ्ठी हाताने लिहावी लागे, म्हणून ग्रंथ हाती घ्यावा लागे. न पाहिलेल्या ग्रंथाची चिठ्ठी करणाराला निदान लाज वाटे. आता महाजालावरील पृष्ठावर एक कळ दाबली की नोंद संग्रहात येते, आणि तिच्याबरोबर तेथील चुकाही येतात. ग्रंथ उघडलाही नसताना तो संदर्भसूचीत जाऊन बसतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे निर्देश मिळू लागल्यापासून हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे, कारण असे निर्देश रूपाने अगदी निर्दोष असतात. जुन्या संशोधकाच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात ‘मूळ पाहावे’ असे दोन शब्द असत. झोटेरोत प्रत्येक नोंदीस खूणपट्टी लावता येते. ‘प्रत्यक्ष पाहिले’ आणि ‘उद्धृतावरून’ अशा दोन खूणपट्ट्या पहिल्या दिवसापासून लावण्याची शिस्त विद्यार्थ्यांना मार्गदर्शकांनीच लावावयास हवी.

नावांचा प्रश्न मात्र या साधनात अगदीच अनुत्तरित नाही. बिबटेकच्या धारिकेत नावाभोवती महिरपी कंसाची एक जोडी अधिक घातली की यंत्र त्या नावाची फोड करीत नाही. आत जे लिहिले असेल ते तसेच्या तसे सूचीत येते. झोटेरोत दोन खणांऐवजी एकच खण निवडण्याची सोय आहे. तेवढे केले म्हणजे तुकाराम तकारात येतो, विभावरी शिरूरकर हे नाव लेखिकेने मुखपृष्ठावर लिहिले तसे राहते, आणि तंजावरच्या सरस्वती महालातील एखाद्या मोडी कागदावर लेखकाने केवळ आपले व गावाचे नाव लिहिले असेल तर तेही न मोडता नोंदविता येते.